मंच कोणाचा? : गिरणगावातील राजकारण, लोकरंजन आणि अमेरिकेचा आरसा

प्रस्तावना

अमेरिकेच्या समकालीन राजकारणावर जे लेखन होते त्यात एक तक्रार वारंवार आढळते. ती अशी की, तेथील राजकारण आता करमणुकीच्या धंद्यात विरघळून गेले आहे. चित्रपट अभिनेते रोनाल्ड रेगन १९८१ साली राष्ट्राध्यक्ष झाले, अर्नोल्ड श्वार्झनेगर २००३ साली कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले. २००४ पासून 'द अप्रेंटिस' या दूरचित्रवाणी मालिकेतून घराघरांत पोहोचलेले डोनाल्ड ट्रम्प २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये अध्यक्षपदी बसले. जुलै २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या मिलवॉकी येथील अधिवेशनात हल्क होगन या मल्लाने व्यासपीठावर अंगातील बनियन टराटरा फाडले, तर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टेलर स्विफ्ट या गायिकेने कमला हॅरिस यांना जाहीर केलेला पाठिंबा जगभर बातमीचा विषय झाला. नील पोस्टमन यांनी १९८५ सालीच 'अम्युझिंग अवरसेल्व्ज टू डेथ' या ग्रंथात, दूरचित्रवाणीमुळे सार्वजनिक चर्चेचे रूपांतर करमणुकीत होत असल्याचा इशारा दिला होता. आपल्याकडील अभ्यासकही हाच सूर लावतात आणि 'राजकारणाचा तमाशा झाला' असे म्हणून मोकळे होतात.

या वाक्प्रचारात तमाशावर अन्याय आहे, हा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी एक ऐतिहासिक प्रश्न उरतोच. राजकारण आणि लोकरंजन हे एके काळी वेगळे होते आणि नंतर एकत्र आले, हे गृहीतक मुळात कितपत खरे आहे? मुंबईतील चिंचपोकळी, लालबाग, परळ, नायगाव, शिवडी या पट्ट्याचा, म्हणजेच गिरणगावाचा, विसाव्या शतकातील इतिहास पाहिला तर हे दोन्ही प्रांत येथे कधीच वेगळे नव्हते असे दिसते. तेव्हा त्यांच्या एकत्र येण्याबद्दल आश्चर्य करण्यापेक्षा, ज्या मंचावर ते एकत्र आले तो मंच कोणाच्या मालकीचा होता, त्याचा खर्च कोण भागवीत होते आणि त्यावर कोण उभे राहत होते, हे विचारणे अधिक फलदायी ठरेल. प्रस्तुत लेखात हाच शोध घेतला असून, अमेरिकेचा संदर्भ केवळ तुलनेपुरता आलेला नाही. गिरणगावाच्या जडणघडणीत अमेरिका आरंभापासून हजर आहे.

कापूस आणि आकडा

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे उभारण्यास घेतली. परंतु शहरात भांडवलाचा पूर आला तो अमेरिकेतील यादवी युद्धामुळे. १८६१ ते १८६५ या काळात दक्षिणेकडील राज्यांचा कापूस लिव्हरपूलला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंद आदींच्या सट्ट्याची ती वर्षे. युद्ध संपताच १८६५ मध्ये बाजार कोसळला, पेढ्या बुडाल्या. मात्र पुढच्या दशकात जे भांडवल सावरले त्यातील मोठा वाटा गिरण्यांकडे वळला. कोकण आणि घाटावरून आलेला शेतकरी चिंचपोकळीच्या चाळीत येऊन राहिला त्यामागच्या कारणांच्या साखळीत एक कडी अशी अटलांटिकपारची आहे.

दुसरा धागा काहीसा अप्रतिष्ठित, म्हणून इतिहासग्रंथांत क्वचितच येतो. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या उघडत्या व मिटत्या भावांवर मुंबईत आकड्यांचा जुगार चाले. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते भाव येणे बंद झाल्यावर मडक्यातून चिठ्ठी काढण्याची पद्धत रूढ झाली आणि 'मटका' हा शब्द मराठीत स्थिरावला. आपण कोणत्या समुद्रापलीकडील बाजाराच्या भावावर चार आणे लावले आहेत, याची पहिल्या पाळीहून परतणाऱ्या साचेवाल्याला फिकीर असण्याचे कारण नव्हते. जागतिकीकरण हा शब्द १९९१ नंतर प्रचारात आला, एवढेच.

झोळीवर चाललेला मंच

गिरणगावातील करमणुकीचे स्वरूप प्रारंभी गावाकडचे होते. कोकणातून नमन-खेळे, जाखडी आणि दशावतार आले, घाटावरून तमाशा आणि भजनी मंडळे आली. चाळीचे पटांगण हेच नाट्यगृह. १८९३ साली गिरगावातील केशवजी नाईक चाळीत सुरू झालेल्या सार्वजनिक गणेशोत्सवाची लाट उत्तरेकडे सरकली. चिंचपोकळी सार्वजनिक उत्सव मंडळाची स्थापना १९२० ची, गणेश गल्लीच्या मंडळाची १९२८ ची आणि लालबागच्या मंडळाची १९३४ ची. यांपैकी शेवटच्या मंडळामागे पेरू चाळीचा बाजार बंद पडल्याने उघड्यावर आलेल्या कोळी व किरकोळ विक्रेत्यांचा नवस आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. या उत्सवांतील मेळ्यांनी पद्य आणि राजकीय टीका यांची सांगड फार आधी घालून दिली होती.

दुसरीकडे ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने परळ येथे दामोदर हॉल उभा केला. या एका वास्तूत नाटकेही झाली आणि सभाही. मार्च १९२४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बोलावलेली आणि बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेला कारण ठरलेली बैठक येथेच भरली. नाट्यगृह आणि सभागृह वेगळे करण्याची चैन कामगार वस्तीला परवडणारी नव्हती.

या परंपरेला निश्चित राजकीय रूप आले ते १९४४ च्या सुमारास, लाल बावटा कलापथकाच्या स्थापनेने. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर हे त्रिकूट वेगवेगळ्या वाटांनी गिरणगावात पोहोचले होते. वाटेगावहून पायी मुंबईला आलेल्या अण्णा भाऊंनी गिरणीत काम केले होते, बार्शीच्या अमर शेखांना संपाचा अनुभव होता. म्हणजे गाणारा आणि ऐकणारा एकाच हजेरीपटावरचा होता. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन' ही लोकनाट्यांची नावेच त्यांचा रोख सांगतात. अण्णा भाऊंनी तमाशाच्या गणातील गणपतीची जागा कष्टकऱ्याला दिली आणि गवळण वगळली. हा बदल केवळ वैचारिक आग्रहातून आला असे मानणे अपुरे आहे. खेर मंत्रिमंडळाच्या काळात, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, तमाशावर बंदी आली होती. तेव्हा 'लोकनाट्य' या नव्या नावाने आणि बदललेल्या रचनेने तोच प्रकार पुन्हा उभा राहिला. बंदीने कला मरते हे खरे. कधी कधी ती नाव बदलून परत येते हेही खरे.

या मंचाचा खर्च कोण करीत होते? वर्गणी, युनियनचा निधी आणि कार्यक्रमानंतर फिरणारी झोळी. कामगार मैदानावर किंवा नरे पार्कवर तिकीट नव्हते, जाहिरातदार नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, विशेषतः फेब्रुवारी १९५६ मध्ये समितीची स्थापना झाल्यानंतर, हा मंच आपल्या सामर्थ्याच्या शिखरावर होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये सुरू झालेला आचार्य अत्रे यांचा 'मराठा', शिवाजी पार्कवरील त्यांची विनोदाने खच्चून भरलेली भाषणे आणि 'माझी मैना' सारखी छक्कड ही एकाच मोहिमेची अंगे होती. विरहाची लावणी आणि सीमाप्रश्न एका रचनेत बसू शकतात, हे अण्णा भाऊंनी दाखवून दिले. लोक हसायला, ऐकायला येत आणि मत बनवून परत जात. १ मे १९६० रोजी राज्य निर्माण झाले त्यात या करमणुकीचा वाटा किती, हे मोजण्याचे साधन इतिहासकाराजवळ नाही. तो नव्हता असे मात्र कोणी म्हणणार नाही.

याच काळात अमेरिकेतही गाणारे कामगार होते. जो हिल या कामगार-गीतकाराला १९१५ मध्ये यूटा राज्यात गोळ्या घालून देहदंड देण्यात आला होता. पीट सीगर यांना १९५५ मध्ये अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीसमोर उभे राहावे लागले. पॉल रोबसन या थोर कृष्णवर्णीय गायकाचा परवाना १९५० ते १९५८ पर्यंत रोखून धरला गेला; १९५८ मध्ये त्यांची साठी भारतातही साजरी झाली. शीतयुद्धाच्या त्या पर्वात लोकशाहीच्या दोन्ही दावेदार देशांत गाणाऱ्यावर पोलिसांची नजर होती, हे साम्य नोंदवण्याजोगे आहे.

मात्र या पर्वाचे केवळ गौरवीकरण करणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. झोळी कामगारांची असली तरी कलापथकाचा मार्ग पक्षाच्या शिस्तीने आखलेला होता. शिवाय 'कामगार' हा शब्द वाटतो तितका एकसंध नव्हता. धोटा भरताना धागा तोंडाने ओढावा लागे, या कारणाने विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता आणि १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उपस्थित केला होता. लाल बावट्याचा मंच ज्या वेदनेला पुरेशी जागा देऊ शकला नाही, तिने भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांतून आपला स्वतंत्र मंच उभारला. नमन आणि दशावतारात स्त्रीचे सोंग पुरुषच घेत, हीदेखील त्या 'लोक'रंगभूमीची एक मर्यादा होती. मंच कोणाचा हा प्रश्न त्या सुवर्णकाळातही सुटलेला नव्हता.

व्यंगचित्र, 'सोंगाड्या' आणि पँथर

१३ ऑगस्ट १९६० रोजी यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते 'मार्मिक'चे प्रकाशन झाले. एका विनोदी साप्ताहिकातून राजकीय पक्ष निर्माण व्हावा, ही घटना जागतिक संदर्भातही विरळा म्हणावी लागेल. 'वाचा आणि थंड बसा' या सदरातील परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या याद्या आणि बाळ ठाकरे यांचा कुंचला यांनी सहा वर्षे जी जमीन नांगरली, तीत १९ जून १९६६ रोजी शिवसेनेचे बी पडले. त्याच सुमारास शाहीर साबळे यांचे 'आंधळं दळतंय' हे मुक्तनाट्य मुंबईतील मराठी माणसाची व्यथा रंगभूमीवर मांडीत होते. ५ जून १९७० रोजी कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागमध्ये खून झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांचा पराभव करून वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार झाले. त्यापूर्वी वर्षभरात, १८ जुलै आणि २९ ऑगस्ट १९६९ रोजी, अण्णा भाऊ आणि अमर शेख पाठोपाठ निवर्तले होते. हा योगायोगच होय. पण गिरणगावाचा मंच रिकामा होऊन दुसऱ्यांच्या हाती जात असल्याची ती खूण होती.

या हस्तांतराचे सर्वांत बोलके उदाहरण दादा कोंडके यांचे आहे. नायगावच्या गिरणी कामगार कुटुंबातला हा मुलगा, 'अपना बाजार'मध्ये नोकरी करणारा आणि राष्ट्र सेवा दलाच्या समाजवादी कलापथकात तयार झालेला. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' मध्ये त्यांनी हवालदार रंगवला, त्यात राजसत्तेची टिंगल हजरजबाबीपणे आणि रोजच्या वर्तमानपत्राच्या आधाराने होई. १९७१ मध्ये त्यांचा 'सोंगाड्या' तयार झाला, तेव्हा दादरच्या कोहिनूर चित्रगृहात हिंदी चित्रपटासाठी त्याला डावलले जात असल्याचे दिसताच शिवसेना रस्त्यावर उतरली आणि 'सोंगाड्या' पडद्यावर गेला. मराठी चित्रपटाला मराठी मुलखात चित्रगृह मिळण्यासाठी संघटनेचे बळ लागावे, ही तक्रार खोटी नव्हती. परंतु यातून एक नवे नाते रूढ झाले. कलावंत आता झोळीवर नव्हे, संरक्षणावर उभा राहिला. सेवा दलाचा सोंगाड्या पुढे शिवसेनेच्या व्यासपीठावरून गर्दी हसवू लागला. विनोदाची धार तीच होती, तिचे तोंड मात्र कोणाकडे करायचे हे ठरवणारा बदलला होता.

१९६६ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवले पाहिजे. शिवसेनेनंतर अवघ्या चार महिन्यांनी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला. त्याच्या वार्ता वाचून मुंबईतील दलित लेखकांच्या तरुण पिढीने २९ मे १९७२ रोजी 'दलित पँथर'ची स्थापना केली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले हे प्रथम कवी आणि लेखक होते, नंतर पुढारी. ढसाळांचा 'गोलपिठा' त्याच वर्षीचा. अमेरिकेतून केवळ नाव आले आणि त्याबरोबर एक पवित्रा. आशय डोंगरीचा, कामाठीपुऱ्याचा आणि वरळीच्या बीडीडी चाळींचा होता. जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीत दंगल उसळली आणि १० जानेवारीला परळ येथे मोर्चावर झालेल्या दगडफेकीत भागवत जाधव हा कार्यकर्ता मरण पावला. शिवसेनेच्या पाठिंब्यावर उभे असलेले काँग्रेसचे रामराव आदिक पराभूत होऊन डांगे यांच्या कन्या रोझा देशपांडे निवडून आल्या. एक उसना अमेरिकी शब्द गिरणगावाच्या मतपेटीपर्यंत पोहोचण्यास दोन वर्षेही लागली नाहीत.

मायकेल जॅक्सनची रात्र

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप, तो औपचारिकरीत्या मागे न घेताच विरून जाणे आणि गिरण्यांचे एकामागून एक बंद पडणे, हा इतिहास सुपरिचित असल्याने येथे त्याची पुनरुक्ती नको. येथे महत्त्वाचे इतकेच की, झोळीत पैसे टाकणारा हात रिकामा झाला.

या पार्श्वभूमीवर १ नोव्हेंबर १९९६ ची रात्र पाहावी. अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. आयोजनात राज ठाकरे यांच्या नेतृत्वाखालील शिव उद्योग सेना होती आणि घोषित उद्देश मराठी बेरोजगार तरुणांसाठी निधी उभारण्याचा होता. राज्यात युतीचे सरकार, मनोहर जोशी मुख्यमंत्री. 'मातोश्री'वर बाळासाहेबांनी पाहुण्याचे स्वागत केले. अमेरिकी संस्कृतीच्या आक्रमणाविरुद्ध एरवी तलवार उपसणाऱ्यांना त्या वेळी त्यात विसंगती दिसली नाही, आणि खरे तर गिरणगावातील अनेक तरुणांनाही दिसली नाही. ब्रेक डान्स चाळीच्या गच्चीवर केव्हाच पोहोचला होता. सरकारने कार्यक्रमाला करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायतीने त्याला न्यायालयात आव्हान दिले, उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो निर्णय रद्दबातल करून फेरविचारास धाडला आणि अखेर जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे ३ कोटी ३६ लाख रुपयांची करमाफी मंजूर केली. त्या एका संध्याकाळच्या कराचा प्रश्न चोवीस वर्षे रेंगाळला.

अर्थाच्या दृष्टीने या घटनेचे वेगळेपण असे : राजकीय संघटना प्रथमच येथे कलावंताची निव्वळ आयोजक झाली. मंचावरच्या माणसाला प्रेक्षकांची भाषा येत नव्हती, प्रेक्षकाला मंचावर जाण्याची शक्यता नव्हती आणि ज्यांच्या नावे निधी उभारायचा होता ते तरुण बहुतांशी त्या तिकिटांच्या बाहेर होते. कामगाराच्या मुलाला रोजगार देण्याचा मार्ग अमेरिकी गायकाच्या तिकीटविक्रीतून जातो, ही कल्पना १९५६ च्या नरे पार्कवर विनोद म्हणून खपली असती.

याच दशकाच्या अखेरीस लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंगचे क्रीडागृह उघडले. हा खेळ अमेरिकेत कारखान्यांतील कामगारांचा. तेथे त्यांचे संघ असत, साप्ताहिक सामने असत. रॉबर्ट पुटनम यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या 'बोलिंग अलोन' मध्ये या संघांच्या ऱ्हासाला नागरी जीवनाच्या ऱ्हासाचे प्रतीक मानले आहे. तिकडील कामगारांचा खेळ इकडे आला तो कामगार बाहेर पडल्यानंतर मोकळ्या झालेल्या जागेवर, उच्चभ्रूंची करमणूक म्हणून. जयंत पवार यांनी 'अधांतर' (१९९७) या नाटकात लालबाग-परळमधील एका कुटुंबाच्या रूपाने त्या बाहेर पडलेल्यांचे काय झाले ते सांगितले आहे. समाजशास्त्रीय अहवालांनी त्यात फारशी भर घातलेली नाही.

चिंचपोकळी : मतदारसंघ आणि मंडप

२००४ च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाच्या चिंचपोकळी मतदारसंघातून अखिल भारतीय सेनेचे अरुण गवळी निवडून आले. गिरणी कामगाराचा मुलगा, भूमिगत जगतातील नाव, 'दगडी चाळ'चा 'डॅडी' आणि आमदार. २०१२ मध्ये नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या हत्येप्रकरणी ते दोषी ठरले. त्यानंतर 'दगडी चाळ' (२०१५) आणि 'डॅडी' (२०१७) हे चित्रपट आले. अमेरिकेत पडद्यावरची प्रतिमा आधी आणि मतपेटी नंतर, असा क्रम रेगन व ट्रम्प यांच्या बाबतीत दिसतो. चिंचपोकळीत मतपेटी आधी आली आणि पडदा मागून, मतदारसंघच पुनर्रचनेत नकाशावरून पुसला गेल्यावर.

चळवळीच्या वारशाचेही असेच झाले. १९८४ च्या निवडणुकीत ब्रूस स्प्रिंगस्टीन या कामगारवर्गीय गायकाचे नाव रेगन यांनी आपल्या प्रचारात गोवले, त्याच्या 'बॉर्न इन द यूएसए' या गाण्यातील व्यथा मात्र वगळली. अण्णा भाऊंच्या नावे टपाल तिकीट निघाले (२००२) आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. शाहीर साबळे यांनी गायिलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ मध्ये राज्यगीत झाले. हे सन्मान उचितच आहेत. पण लाल बावट्याचा शाहीर सर्वपक्षीय होतो तेव्हा त्याच्या झेंड्याचा रंग प्रथम उडतो, याकडे डोळेझाक करता येत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅप गायकांवर, सत्ताधाऱ्यांवरील टीकेच्या गाण्यांमुळे, गुन्हे नोंदवले गेले. खाडे यांचे प्रकरण गिरणगावाला लागूनच असलेल्या वडाळ्यातले होते. रॅप हा प्रकार १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स वस्तीत जन्मला. डफाऐवजी यांत्रिक ठेका असला तरी त्याचे काम पोवाड्याचे आहे आणि त्यावरची प्रतिक्रियाही ओळखीची आहे. फरक मंचाचा आहे. हा मंच यूट्यूबचा, म्हणजे एका अमेरिकी कंपनीचा. झोळीच्या जागी जाहिरातीचा हिस्सा आला आहे आणि गाणे ठेवायचे की काढायचे याचा अंतिम अधिकार कॅलिफोर्नियात आहे. खुद्द अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये जिमी किमेल या विनोदकाराचा कार्यक्रम वाहिनीने काही दिवस बंद ठेवला, तो राजकीय शेरेबाजीवरून वादळ उठल्यानंतर. रोबसनचा परवाना सरकारने रोखला होता. किमेलच्या बाबतीत नियामकाच्या इशाऱ्यानंतर पडदा पाडला तो मंचाच्या मालकाने.

२०२० साली, महामारीच्या वर्षी, लालबागच्या मंडळाने मूर्ती न बसवता रक्तदानाचा 'आरोग्योत्सव' केला. पुढे गर्दी परतली. चिंचपोकळीच्या चिंतामणीच्या आगमनाच्या दिवशी आता हजारो तरुण रस्त्यावर उतरतात आणि मूर्तीवरचा पडदा सरकताच हजारो मोबाइल एकदम वर होतात. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांच्या खिडक्यांतून तो सोहळा दिसतो. मेळ्यातला पद्यकार आता त्या मंडपात नाही. त्याचा नातू बहुधा त्याच गर्दीत आहे, हात उंचावून चित्रीकरण करीत.